सटवाजीनं गाडीला नावं ठेवली

“तोंड कडू ठेव, सटवा. गोड तोंडाच्या माणसाला चांगलं जनावर भेटत न्हाई.”

बापाचे हे शब्द सटवाजीनं नवव्या वर्षी ऐकले. त्या गोष्टीला आता साठ वर्षं झाली. आठवडी बाजारातून परतताना दोघं करडईच्या पिवळ्या रानातून चालले होते. बाप पुढं होता, आणि मागं न वळता बोलला होता. आवाजात राग नव्हता. निखारा राखेत झाकावा तसा आवाज दाबलेला होता.

त्या दिवशी बाजारात एक मेंढा होता. कपाळावर पांढरी चांदणी, आणि शिंगं अशी वळलेली की कुणी निवांत बसून वेणी घातली असावी. बापानं त्याला अर्धा तास नावं ठेवली. पाय बारीक हाय, लोकर विरळ हाय, डोळा मंद हाय. मालक भावात पायरी पायरीनं खाली उतरत होता. आता दावं हातात यायचं, एवढ्यात लहानगा सटवा म्हणाला, “बा, किती देखणा हाय गं बाई.” शब्द आईचे, तोंड पोराचं. मालकानं मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला, हसला, आणि भाव असा वर नेला की बापानं सरळ धोतर झटकलं. मेंढा दुसऱ्याच्या कळपात गेला.

तेव्हापासून सटवाजीचं तोंड कडू झालं. ते कधी गोड झालंच नाही.

आधी नियम बाजारापुरता होता. मग तो घरात आला. चांगल्या मेंढीला चांगली म्हटलं तर नजर लागते, म्हणून ती मरतुकडी. बायनाबाईला बघायला गेला तेव्हा पोहे खाता खाता म्हणाला, “उंचीला कमी हाय,” आणि होकार येईपर्यंत तीन दिवस जेवला नाही. बायनाबाईनं पुढं संसारात त्याची भाषा शिकून घेतली. भाकरीला नाव ठेवलं म्हणजे आणखी एक वाढायची. नातीला, सोनूला, “नाक चपटं हाय” म्हणाला तेव्हा बायनाबाईनं घरात साखर वाटली. ज्याला सटवाजीनं नाव ठेवलं नाही ते त्यानं पाहिलंच नाही, असं वस्तीवर सगळे धरून चालत.

पिंगळीजवळच्या त्या वस्तीवर माघातल्या एका सकाळी मोठी गाडी आली.

गाडी परभणीच्या दत्तरावांची. दत्तराव पाटबंधाऱ्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. पाच वर्षांपूर्वी मुलं, सुना, नातवंडं सगळी मावावीत म्हणून त्यांनी ही परदेशी बनावटीची, तीन रांगांची, सात माणसांची गाडी घेतली. मग मुलं एकेक करून लांब गेली. आता पुढच्या दोन खुर्च्यांवर दत्तराव आणि पार्वतीबाई बसत, आणि मागच्या पाच रिकाम्या फिरत. पार्वतीबाई एक दिवस म्हणाल्या, जिथं ही भरेल त्या घरी द्या.

अंगद, सटवाजीचा थोरला, मेंढ्या-बकऱ्यांचा व्यापार करतो. त्याचे ट्रक हैदराबादपर्यंत जातात. गाडीचं त्याच्या कानावर आलं आणि त्याच्या मनात ती बसली. आई आजवर कुठं गेली तर मेंढ्यांच्या टेम्पोत मागं, जाळीला धरून. दत्तरावांशी बोलणं झालं, भाव ठरला. फक्त एक गोष्ट राहिली होती.

“बापू, तुमी बघा,” अंगद आदल्या दिवशी म्हणाला होता. “तुमी हो म्हणलाव तर घ्यायची. न्हाईतर न्हाई.”

“भाव?”

“ठरलाय.”

“दावं हातात येईपर्यंत भाव ठरत नसतोय,” सटवाजी म्हणाला.

अंगद यावर काही बोलला नाही. तिथंच बोलायला हवं होतं.

तर गाडी आली. बाभळीखाली थांबली आणि थांबल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पिकल्या जांभळाचा रंग होता तिचा, काळा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर आत उजेड मुरलेला. कळपातली कुत्री भुंकत धावली आणि तिच्या दारात स्वतःचं तोंड बघून गप्प झाली. सटवाजी काठी टेकत तिच्याभोवती एक फेरा फिरला, मग उलटा दुसरा. चाकांसमोर उकिडवं बसून खूर बघावेत तसे टायर बघितले. पुढचं झाकण उघडायला लावलं आणि दात बघावेत तसं आत वाकून बघितलं. आत सगळं झाकलेलं, पुसलेलं, जिथल्या तिथं. असं रूप त्यानं एकदाच पाहिलं होतं, नवव्या वर्षी, बाजारात.

“लय रुंद हाय,” तो म्हणाला.

दत्तराव हसले. “रुंद आहे म्हणून तर माणसं मावतात, सटवाजीराव.”

“गल्लीत वळायची न्हाई.”

“ते खरं हाय, मामा,” निकिता म्हणाली. ही अंगदची बायको, शिकलेली, हिशेबी. तिनं फोनमध्ये एक यादी काढली होती आणि घरापासून पारापर्यंतची गल्ली पावलांनी मोजून आली होती. “पारापाशी लावायला लागंल. दारात येणार न्हाई.”

“कॅमेरा आहे ना,” दत्तराव म्हणाले. “वरून बघितल्यासारखी सगळी गाडी दिसते.”

“घारीला दिसती तशी?” सोनूनं विचारलं.

“अगदी तशी.”

सटवाजीला ते फार आवडलं. घारीच्या डोळ्यानं स्वतःला बघत चालणारी गाडी. “घारीचा काय भरवसा,” तो म्हणाला.

ठरलं की चुडाव्यापर्यंत जाऊन यायचं. चालवायला अंगद, शेजारी दत्तराव. मधल्या रांगेत सटवाजी, बायनाबाई, निकिता. सगळ्यात मागं सोनू, एकटी, राणीसारखी. बायनाबाईचे गुडघे दुखतात. दार उघडलं तसा तिनं पदर खोचला, एक हात दाराला, एक हात नवऱ्याच्या खांद्याला, आता चढायचं म्हणून दम घेतला. तेवढ्यात गाडीच्या पोटाखालून एक पायरी आपसूक बाहेर आली आणि तिच्या पावलापुढं थांबली.

बायनाबाई पायरीकडं बघत राहिली. “बया. पाट मांडला की हिनं.”

“मोडंल ती पायरी एक दिवस,” सटवाजी म्हणाला.

“मोडू द्या. आज तर हाय.” आणि ती पाटावरून चालत गेल्यासारखी आत गेली.

गाडी निघाली. पूर्णेकडचा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. कुठं खड्डा, कुठं डांबर उखडलेलं, कुठं गतिरोधक दोन वेळा बांधलेला, हे अंगद डोळे मिटून सांगेल. पण आज ते सगळं कुठं गेलं कळेना. खड्डा समोर दिसायचा आणि चाकाखाली येईस्तोवर विरघळायचा. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची धूळ उठत होती, ज्वारीची कणसं वाऱ्यानं वाकत होती, आणि आत काही म्हणजे काही आवाज नव्हता. त्या शांततेत बायनाबाईचा आवाज आला, हळू, जात्यावर बसल्यासारखा:

“वाट गं धुळीची, धूळ राहिली बाहेरी,
बसले लेकाच्या गाडीत, जशी बसले माहेरी.”

सटवाजी खाकरला. मालक पुढं बसलाय आणि ही ओव्या म्हणायलीय.

“खुर्च्यांचं कातडं फिकट रंगाचं हाय,” तो मोठ्यानं म्हणाला. “चिखलाचा एक पाय पडला की गेलं.”

“बरोबर हाय,” निकिता म्हणाली. तिचं बोट फोनवर होतं. “मामा, तुमचं मी लिहून घेतलंय. पण बघा, या खुर्चीतून गार वारा येतोय. पाठीत. तुमच्या पाठीला येतोय का?”

येत होता. उन्हाळ्यात मेंढ्यांमागं हिंडून भाजलेली ती पाठ. तिला आजवर कुणी वारा घातला नव्हता. सटवाजीनं डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, “सर्दी व्हईल.”

अंगद आरशात बघून हसू दाबत ओठ आवळत होता. त्याला भाषा कळत होती. दत्तरावांना कळत नव्हती. त्यांनी एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा समोर बघत बसले.

पूर्णा जवळ आली तसा सटवाजी म्हणाला, मला मागं बसू द्या, जनावर मागूनबी बघावं लागतं. गाडी थांबवून तो सोनूशेजारी जाऊन बसला. तिथं मात्र खरंच अडचण झाली. गुडघे हनुवटीला लागले, डोकं छताला.

“इथं मोठा माणूस बसायचा न्हाई,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मनात एक आणि ओठांवर दुसरं असं झालं नाही.

“ही खरी उणीव आहे,” दत्तरावांनी मान्य केलं. “तिसरी रांग लेकरांची. आणि तिन्ही रांगा भरल्या तर सामानाला जागा उरत नाही. डिझेलही जरा जास्त लागतं. मी काही लपवणार नाही.”

“सर्व्हिसिंग?” निकितानं विचारलं.

“संभाजीनगर. परभणीत हिला हात लावणारं कुणी नाही.”

निकितानं लिहून घेतलं. मग म्हणाली, “पण मागची रांग झोपवली तर?”

“मग तुमची आठ पोती मावतात.”

“आन मेंढरं?” सोनूनं विचारलं.

“मेंढरं नकोत,” सगळे एकदम म्हणाले.

सोनू हसली आणि आजोबाच्या अंगावर रेलली. तिनं वर बोट दाखवलं. छत काचेचं होतं. वर आभाळ होतं, आणि आभाळाबरोबर गाडी चालली होती, की गाडीबरोबर आभाळ, सांगता येत नव्हतं. सटवाजी मान मागं टाकून बघत राहिला. सगळं आयुष्य तो आभाळाखाली निजला होता, पण आभाळ कधी अंथरुणासकट चाललं नव्हतं. आणि मग त्यानं समोर बघितलं. बायकोचा अंबाडा, सुनेची वेणी, मुलाचा खांदा. शेजारी नात. आठ महिने कळपामागं हिंडणाऱ्या माणसाचं घर नेहमी दोन जागी असतं, अर्धं वस्तीवर, अर्धं रानात. ही चार माणसं त्याच्याबरोबर एकाच वेळी, एकाच वाटेनं चालली आहेत, असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

“उन्हाळ्यात या काचेनं माणूस पापडासारखा भाजंल,” तो म्हणाला.

चुडावा तीन-चार किलोमीटरवर राहिला असेल. रस्त्याच्या कडेनं कुणाचा तरी कळप चालला होता. सटवाजीनं सवयीनं मोजायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात एक कोकरू, आठ-दहा दिवसांचं, आईच्या पोटाखालून निघून थेट डांबरावर आलं. अंगद त्या क्षणी आरशात बघत होता. त्याचा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडी थांबली. स्वतःच. सगळे पुढं झुकले, पट्ट्यांनी सगळ्यांना धरलं, कोकरू चाकापुढं हातभर अंतरावर थरथरत उभं राहिलं, आणि मग काही झालंच नाही असं उड्या मारत परत गेलं. मेंढपाळानं काठी वर करून रामराम घातला.

अंगदनं स्टिअरिंग अजून घट्ट धरलं होतं.

“आडवं काही आलं की ती ओळखते,” दत्तराव हळू आवाजात म्हणाले. “दर वेळी ओळखेल असं मी म्हणणार नाही. पण ओळखते.”

कोकरू आईपाशी पोचेपर्यंत सटवाजी काचेतून बघत होता. कोकरू वाचलं होतं. मेंढपाळ माणसाला याहून जास्त काय सांगायचं. असं चांगल्या कुत्र्यालाच कळतं, हजारात एकाला, धन्याच्या आधी. गाडीला त्यानं मनातल्या मनात दोन्ही हातांनी कुरवाळलं. आणि जितकं मन भरून आलं तितकं तोंड जास्त कडू झालं, कारण आता तर ती हातची जाऊच द्यायची नव्हती.

“धन्याला विचारल्याबिगर थांबती,” तो म्हणाला. “असली हट्टी जात कामाची न्हाई.”

पुढच्या खुर्चीवर दत्तरावांची मान ताठ झाली.

चुडाव्याच्या स्टेशनाजवळ कडुलिंबाखाली चहाचं दुकान होतं. सगळे उतरले. पायरी पुन्हा आली, बायनाबाईनं या वेळी तिला रामराम केला. चहा आला. दत्तरावांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

“अंगदराव,” ते म्हणाले, “आपण इथून परत जाऊ. मी तुम्हाला वस्तीवर सोडतो. व्यवहार राहू द्या.”

“काय झालं साहेब?”

“तुमचं काही चुकलं नाही. भाव ठरला होता, तो मी मोडत नाही. पण मी ही गाडी भावासाठी देत नव्हतो. संभाजीनगरचा एक दलाल जास्त द्यायला तयार होता, त्याला मी नाही म्हटलं. पार्वती म्हणाली, भरल्या घरात द्या. मी आलो. आणि सकाळपासून ऐकतोय. रुंद आहे, सर्दी होईल, भाजेल, हट्टी आहे.” त्यांनी गाडीकडं बघितलं. “पाच वर्षं तिनं आमची माणसं सांभाळली. जिथं ती आवडली नाही तिथं मला ती देववत नाही.”

अंगद म्हणाला, “साहेब, तसं न्हाई. आमच्या बापूंची भाषा तशी हाय. त्यांला आवडल्यावरच ते...”

“तसं असेल तर त्यांनी म्हणावं.”

सगळ्यांनी सटवाजीकडं बघितलं.

सटवाजीच्या हातात बशी होती. चहा बशीत थंड होत चालला होता. एक शब्द होता, तोही साधा, रोज जगभर माणसं बोलतात असला. तो त्यानं जिभेवर आणला आणि साठ वर्षांची सवय आडवी आली.

“चहात साखर कमी हाय,” तो म्हणाला.

निकितानं तोंडाला पदर लावला. दत्तरावांनी कप बाकावर ठेवला आणि किल्लीसाठी अंगदपुढं हात केला. अंगदनं किल्ली काढली. दिली. वाद नाही, विनवणी नाही. फक्त किल्ली देताना त्यानं गाडीकडं बघायचं टाळलं, आणि वळून लिंबाच्या खोडाकडं बघत उभा राहिला. पाठमोरा. लहानपणीही तो असाच उभा राहायचा, काही मागितलं आणि मिळालं नाही म्हणजे. कधी रडला नाही. पाठ करायचा.

“आवं,” बायनाबाई म्हणाली. तिचा आवाज ओवीचा नव्हता आता. “सगळा जल्म मी तुमचं बोलणं उलटं करून ऐकलं. मला जमलं. पण समद्यांनाच ते जमत नसतंय. त्या पोरानंबी किती दिवस उलटं करून ऐकावं?”

सटवाजीनं बशी खाली ठेवली. त्याला वाटलं होतं पोराला कळतं. आरशात हसत होता की सकाळपासून. मेंढरांबाबत कळतं, गाडीबाबत कळतं. पण स्वतःबाबत? दहावीत पहिला आला तेव्हा अक्षर बरं न्हाई म्हणालो होतो. पहिला ट्रक दारात आणला तेव्हा रंग भडक म्हणालो होतो. ते त्यानं उलटं करून ऐकलं असेल, की सुलटंच ऐकून गप्प राहिला असेल? त्या पाठीकडं बघून काही सांगता येत नव्हतं.

दत्तराव गाडीकडं निघाले होते.

“साहेब,” सटवाजीनं हाक मारली. “थांबा जरा.”

ते थांबले.

“मागच्या रांगेत गुडघे हनुवटीला लागत्यात. ती खोट खरी हाय. आमच्या गल्लीत ती येणार न्हाई, तीबी खरी. कातडं मळंल. डिझेल पील. संभाजीनगर लांब हाय.” त्यानं काठी जमिनीवर टेकवली. “बाकीचं म्या खोटं बोललो.”

“म्हणजे?”

“म्हंजी...” तो अडखळला, आणि मग मेंढी व्याताना जसं एकदम सुटतं तसं सुटलं. “आवडली. लय आवडली. सकाळी बाभळीखाली थांबली तवाच आवडली. हिच्या खुर्चीतून पाठीला वारा आला, हिला पायरी आली, ते कोकरू वाचलं. साहेब, म्या आठ महिने रानात असतो. माझं समदं घर एका वाटंनं चालताना म्या आज बघितलं. असलं देखणं म्या काही बघितलं न्हाई. नजर लागंल म्हणून बोलत नव्हतो. आता लागू द्या.”

दत्तरावांचा किल्ली धरलेला हात हळूच पुढं आला. सटवाजीनं ती घेतली, पण दोन पावलं लिंबाकडं गेला आणि त्या पाठीमागं उभा राहिला.

“अंगद.”

“काय बापू?” पाठ वळली नाही.

“गाडीचं झालं. आता तुझं ऐक. तू चांगला निघालास. शाळेतबी, धंद्यातबी, माणूस म्हणूनबी. तुझ्यात म्या आजवर जी जी खोट काढली ती तुझ्यात नव्हती. मला तू लय आवडतोस, लेकरा, पयल्या दिवसापासून.”